एकांडा शिलेदार

द्वारकेत खाद्यपदार्थ घेऊन गेलेला पहिला माणूस कोण, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण क्षणाचाही विलंब न लावता सुदाम्याचे नाव सांगतील. मूठभर पोहे फडक्यात बांधून तो पायीच निघाला होता. त्यामुळे त्याच्या वाहनाचा प्रश्न पुराणकारांना पडला नाही. आज मी ज्या द्वारकेविषयी बोलणार आहे ती समुद्रकाठची नव्हे, दिल्लीच्या नैर्ऋत्येची. दिल्ली विकास प्राधिकरणाने पूर्वी ‘पप्पनकलां’ या नावाने आखलेली ही उपनगरी, पालम, काकरोला, मटियाला अशा जुन्या गावांच्या शिवारांवर उभी राहिली. सेक्टरांचे चौकोन, रुंद रस्ते आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या एकापुढे एक उभ्या असलेल्या इमारती, असे तिचे रूप आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो येथपर्यंत पोचली आणि नोकरदारांची वस्ती वाढली. या द्वारकेत संध्याकाळी सात ते अकरा या वेळात फाटकाफाटकाशी मोटारसायकली थांबतात. पाठीवर चौकोनी पेटी, डोक्याला शिरस्त्राण आणि हातात दूरध्वनी घेतलेले तरुण पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहितात, पिझ्झा किंवा बिर्याणी चौथ्या मजल्यावर देतात आणि पुन्हा स्वार होतात. नव्या द्वारकेतील हे सुदामे पायी येत नाहीत, स्वतःच्या वाहनावर येतात. माझ्या आजच्या भाषणाचा विषय ते वाहन हा आहे. ते ज्याचे आहे, त्याच्या पदरात त्यामुळे काय पडते, हा तो प्रश्न.

प्रश्न नवा वाटतो, परंतु तो नवा नाही. ‘घोडा कोणाचा?’ या स्वरूपात तो आपल्या इतिहासात निदान तीनशे वर्षे विचारला जात होता, आणि त्याची उत्तरे राज्यकर्त्यांनी निरनिराळी दिली.

शिवछत्रपतींच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, हे शाळेत आपण सर्वजण शिकलो. सरकारी घोड्यावर आणि सरकारी हत्यारांनिशी लढतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी ती उतरंड होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोड्याच्या पाण्याची आणि नालांची चिंता स्वाराने करायची नव्हती, ती सरकारने करायची होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत ही व्यवस्था सांगताना एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. महाराजांनी पागेचे बळ अधिक ठेवले आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली आणले. ज्याचा घोडा त्याचा स्वाभिमान, आणि ज्याचा स्वाभिमान फार त्याच्या बंडाचे भय, असा तो राजकीय हिशेब होता.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. ज्याने घोडा आपल्या मालकीचा केला, त्याने घोड्याची काळजीही आपल्या शिरावर घेतली. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यातच दाणागवत मनमानेल तसे उडविले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्या मरणाचा दोष तुमच्या माथी येईल, असा त्याचा आशय आहे. रात्री जळता दिवा उघडा राहिला, उंदराने वात ओढून नेली आणि गवताच्या गंजीला आग लागली तर काय होईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. राजाने उंदराचा विचार का करावा? कारण घोडे राज्याचे होते. घोडा मेला तर तोटा राज्याच्या वहीत पडणार होता. मालकी आणि काळजी या दोन गोष्टी एकाच हातात असल्या म्हणजे शासन कसे डोळसपणे वागते, त्याचा हा उत्तम पुरावा होय.

आता शिलेदाराकडे पाहू. त्याला बारगिरापेक्षा वेतन अधिक असे, आणि असणे क्रमप्राप्तच होते. कारण त्या वेतनात दोन जीवांचा वाटा होता, एक स्वाराचा आणि एक घोड्याचा. पुढे पेशवाईत शिलेदाराला मोहिमेपूर्वी तयारीसाठी ‘नालबंदी’ या नावाने आगाऊ रक्कम देण्याची चाल होती. शब्द नालांचा असला तरी अर्थ व्यापक होता. घोडा सज्ज करण्याचा खर्च स्वाराच्या कमरेच्या कशातून जाणार नाही, हे त्यात गृहीत होते. याच काळात ‘एकांडा’ हा शब्द रूढ झाला. कोणत्याही पथकाच्या सरदाराचा आश्रय न घेता आपला एकट्याचा घोडा घेऊन सरळ सरकारचाकरी करणारा तो एकांडा. आज आपण ‘एकांडा शिलेदार’ हा शब्दप्रयोग कौतुकाने करतो. एकट्याच्या हिमतीवर लढणारा मनस्वी पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या मनस्वितेच्या खाली चंदी आणि वैरणीचा रोजचा हिशेब होता, हे मात्र आपण विसरतो.

तो हिशेब दिल्लीच्या बादशाही फौजेत किती जीवघेणा झाला, हे विल्यम अर्विन या इतिहासकाराने मोगलांच्या सैन्यव्यवस्थेवरील आपल्या १९०३ च्या ग्रंथात दाखविले आहे. मोगल स्वार बहुधा स्वतःच्या घोड्यावर चाकरी करी. लढाईत घोडा पडला की त्याचे भांडवल पडले, म्हणजे उद्याची भाकरी पडली. अशा माणसाने घोडा शत्रूच्या भाल्यांवर घालावा तरी कसा? उत्तरकालीन मोगल सैन्य लढण्यास नाखूश दिसे, त्याच्या कारणांत अर्विनने हे एक कारण गणले आहे. ज्याला आपण भ्याडपणा म्हणतो तो पुष्कळ वेळा केवळ घोड्याच्या किमतीचा प्रश्न असतो.

याच मोगल व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्वाराने हजेरीला चांगला घोडा दाखवावा आणि मोहिमेवर तट्टू आणावे, अशी लबाडी होत असे. तिला आळा घालण्यासाठी अकबराने ‘दाग’ आणि ‘चेहरा’ यांची पद्धत कडक केली. घोड्याला डाग द्यावयाचा, आणि स्वाराच्या रूपाचे वर्णन, म्हणजेच चेहरा, दप्तरात उतरवून ठेवावयाचा. आज द्वारकेतील तरुण कामाला लागताना कंपनीच्या दप्तरात आपल्या वाहनाचा क्रमांक नोंदवितो आणि काम सुरू करण्यापूर्वी दूरध्वनीसमोर आपला चेहरा धरतो. तो ओळखला गेला तरच त्याला पुढची फेरी मिळते. साडेचारशे वर्षांत दाग आणि चेहरा दोन्ही टिकले. नालबंदी तेवढी राहिली नाही.

इंग्रजांनी ही जुनी पद्धत आपल्याकडूनच उचलली. शिंद्यांच्या कवायती फौजेत नोकरी केलेला जेम्स स्किनर १८०३ मध्ये कंपनीकडे गेला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाल्यानंतर त्यांच्याकडील जे स्वार इंग्रजांच्या बाजूला आले, त्यांचे पथक स्किनरच्या हाताखाली दिले गेले. काश्मिरी दरवाजाजवळ त्याने बांधलेले चर्च आजही दिल्लीत उभे आहे. पुढे १८५७ नंतर बंगालच्या घोडदळाची फेररचना झाली तेव्हा ‘सिलिदार’ पद्धत हाच नियम ठरला. तिच्यात भरती होणाऱ्या जवानाने ठरावीक रक्कम भरावयाची. तिला ‘आसामी’ म्हणत. त्या रकमेतून पलटण त्याला घोडा आणि साज देई. दरमहाच्या वेतनातून काही भाग ‘चंदा’ म्हणून कापला जाई आणि त्या निधीतून मेलेल्या घोड्यांची भरपाई होई. युद्धात घोडा पडला तर सरकार नुकसान भरून देई. स्वार नोकरी सोडून गेला तर त्याची आसामी त्याला परत मिळे. म्हणजे घोडा एकट्याचा असला तरी घोड्याचे मरण एकट्याचे नव्हते, ते साऱ्या पलटणीत वाटले जाई.

तरीही ही पद्धत अखेर मोडलीच. १९१४ मध्ये हिंदी घोडदळाच्या एकोणचाळीस पलटणींपैकी मद्रासकडील तीन सोडून बाकी सर्व सिलिदार होत्या. पहिल्या महायुद्धात मात्र घोडे इतक्या झपाट्याने मरू लागले आणि आघाडी इतकी दूर होती, की पलटणीने आपले घोडे आपण विकत घ्यावे, हे अशक्य झाले. सरकारला घोडे पुरवावेच लागले. युद्धानंतरच्या फेररचनेत, १९२१ च्या सुमारास, सिलिदार पद्धत कायमची बंद झाली. शांततेच्या काळात स्वाराचा घोडा सरकारला स्वस्त पडतो, संकटाच्या काळात तो कोणालाच परवडत नाही, हा धडा त्यातून निघाला.

श्रोतेहो, आता घोडा सोडून मोटारीकडे येऊ. घरपोच पिझ्झ्याच्या धंद्याचा इतिहास सांगणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात. १९६० साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी टॉम मोनाहन आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी एक लहानसे पिझ्झ्याचे दुकान घेतले. पुढे डॉमिनोज या नावाने जगभर पसरलेल्या कंपनीचे ते बीज होय. काही महिन्यांतच जेम्सने धंद्यातील आपला अर्धा वाटा भावाला देऊन टाकला. मोबदल्यात त्याने काय घेतले? माल पोचविण्यासाठी वापरली जाणारी जुनी फोक्सवॅगन मोटार. या कथेवर लोक हसतात, कारण एकाकडे धंदा राहिला आणि दुसऱ्याकडे वाहन गेले. मला मात्र तीत या व्यवसायाचे पुढचे सारे भविष्य दिसते. धंदा एकाचा आणि वाहन दुसऱ्याचे, ही वाटणी त्या दिवसापासून रूढच झाली. अमेरिकेत पिझ्झा पोचविणारे बहुसंख्य लोक स्वतःची मोटार वापरतात. पेट्रोल, टायर आणि वाहनाची झीज यांचा भार कोणी किती उचलावा, यावर तेथे वर्षानुवर्षे दावे चालले आहेत. किलोमीटरमागे ठरावीक दराने खर्च द्यावा की मालकाने अंदाजाने द्यावा, या वादात तेथील सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दोन्ही मार्ग नाकारले आणि प्रकरण खालच्या न्यायालयांकडे परत पाठविले. वाहनाचा खर्च वेतनातून वजा होता कामा नये, हे तत्त्व मात्र तेथे कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो रकमेचा.

भारतात डॉमिनोजचे पहिले दुकान १९९६ मध्ये नवी दिल्लीतच उघडले. पुढे, विशेषतः गेल्या दशकात, हव्या त्या उपाहारगृहातून हवे ते पदार्थ आणून देणाऱ्या कंपन्या आल्या, आणि त्यांनी अमेरिकेतील मोटारीची जागा येथील मोटारसायकलीला दिली. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा प्रकारच्या सर्व कामांतील माणसांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज वर्तविला. एवढी मोठी फौज आपल्या इतिहासातील कोणत्याही शिलेदारीला नव्हती.

या नव्या शिलेदाराचा हिशेब आपण एकदा मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने ते बदलून घ्यावेत. समजा, तो दिवसाला १२० किलोमीटर धावतो. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल ९५ रुपये लिटर आहे. म्हणजे २२८ रुपये चंदीला गेले. ९० हजारांचे वाहन दीड लाख किलोमीटरांत निकामी होते असे धरले, तर दिवसाची झीज ७२ रुपये झाली. टायर, तेल, दुरुस्ती आणि विमा यांचे ५० रुपये धरू. एकूण ३५० रुपये हा घोड्याचा रोजमुरा झाला. दिवसाअखेर त्याच्या खात्यावर हजार रुपये जमा झाले, तर त्यातील साडेसहाशे माणसाचे आणि साडेतीनशे घोड्याचे. परंतु कंपनीच्या पावतीवर हजार हा एकच आकडा असतो. पाहणाऱ्याला वाटते, माणसाने हजार मिळविले. खुद्द त्या तरुणालाही बऱ्याच वेळा तसेच वाटते, आणि तिसऱ्या वर्षी इंजिन उघडावे लागते तेव्हा त्याला कळते की, त्याने आपला घोडाच थोडाथोडा करून खाल्ला.

‘घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने’ असे आपल्याकडे म्हणतात. पिझ्झ्याच्या पेटीला ओझे ते किती! येथे मरण आहे ते हेलपाट्याचे. उपाहारगृहापर्यंत रिकामी जाणारी फेरी, पदार्थ तयार होईपर्यंतचे ताटकळणे, गिऱ्हाईकाने पत्ता चुकवल्यामुळे सेक्टर दहाऐवजी सेक्टर बारात पडलेली चक्कर, या सर्वांत पेट्रोल त्याचे जळते.

दुसरी गोष्ट विम्याची. आपल्याकडील खाजगी वाहनाच्या विमापत्रात वाहनाच्या वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालाची वाहतूक या गोष्टी त्यात सामान्यतः वगळलेल्या असतात. विमापत्र खाजगी वापराचे आणि वाहन पदार्थ पोचविण्याच्या कामावर, अशा स्थितीत अपघात झाला तर आपल्या मोडलेल्या वाहनाची भरपाई मागताना त्या तरुणाची बाजू लंगडी पडते. सिलिदार पलटणीत लढाईत पडलेला घोडा सरकार भरून देत होते. येथे रणांगण आहे, पण पडलेल्या घोड्याची नोंद घेणारा कारकून नाही.

तिसरी गोष्ट घाईची. अमेरिकेत तीस मिनिटांत पिझ्झा पोचविण्याची हमी याच डॉमिनोजने दिली होती. एका अपघाताच्या दाव्यात सेंट लुइस येथील पंचांनी जवळजवळ आठ कोटी डॉलरांची भरपाई ठरविल्यानंतर, १९९३ मध्ये, ती तेथे मागे घ्यावी लागली. घाई ज्याने ठरविली त्याच्यावर अपघाताचा बोजा पडला की घाई कमी होते, एवढेच त्यातून दिसते.

एवढ्यावरून स्वतःच्या साधनाने काम करणे हेच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुंबईचे डबेवाले पाहा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात मावळ, खेड, जुन्नर भागांतील माणसे पिढ्यान् पिढ्या आली. त्यांची सायकलही त्यांचीच असते आणि डब्यांची लाकडी पेटीही. नव्या माणसाने हे भांडवल घालूनच गटात यावे लागते. परंतु तो गटात येतो तो वाटेकरी म्हणून. दर गट ठरवितो, मुकादम त्यांच्यातलाच असतो, आणि महिन्याच्या मिळकतीची वाटणी सारखी होते. २०२० च्या टाळेबंदीने त्यांचे काम बंद पाडले, तो तडाखा मोठा होता, परंतु तो सर्वांनी मिळून सोसला. म्हणजे साधन आपले आणि दरही आपण ठरविलेला, अशी येथे जोड आहे. द्वारकेतील स्वाराला कंपनी कौतुकाने ‘भागीदार’ म्हणते, परंतु भागीदारीत दर एकट्याने ठरत नसतो आणि एका भागीदाराला दुसऱ्याच्या हिशेबाची वही पाहता येते. ज्याला साधन आणावे लागते पण दर ठरविता येत नाही, त्याच्या वाट्याला शिलेदाराचा खर्च आणि बारगिराचा हुकूम या दोन्ही गोष्टी एकदम येतात.

कायदा या बाबतीत अगदी स्वस्थ बसला आहे असे नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० मध्ये या कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीसाठी द्यावयाची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांहून अधिक असणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. हा निधी म्हणजे जुन्या चंद्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हा चंदा माणसासाठी आहे, घोड्यासाठी नाही. इकडे दिल्ली सरकारच्या २०२३ च्या योजनेप्रमाणे १ एप्रिल २०३० पर्यंत अशा कंपन्यांच्या कामावरील सर्व वाहने विजेवर चालणारी असली पाहिजेत. दिल्लीच्या हवेसाठी हे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु बंधन कंपनीवर असले तरी वाहन स्वाराचे आहे. जुना घोडा विकून नवा घेण्यासाठी नालबंदी कोण देणार, हा प्रश्न त्या तारखेच्या आत सुटला पाहिजे.

मी सरकारी नोकर आहे. सरकारी कामासाठी एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःची मोटार नेली तर किलोमीटरमागे ठरलेल्या दराने भत्ता मिळतो, आणि अशी बिले तपासण्याचे काम माझ्याकडे अनेक वर्षे आले आहे. त्या बिलात वेतनाचा रकाना निराळा आणि वाहनाचा निराळा असतो. हे दोन रकाने एक करावेत, असे आजवर कोणी सुचविल्याचे मला आठवत नाही. कोणी सुचविले असते तर साऱ्या कचेरीने त्याला वेड्यात काढले असते. जो न्याय कचेरीतील माणसाला इतका सहज वाटतो, तो रस्त्यावरील माणसाला लागू करण्यात काही अवघड नाही. पावतीवर दोन रकाने असावेत, एक माणसाच्या श्रमाचा आणि एक वाहनाचा. वाहनाचा दर पेट्रोलच्या भावाबरोबर हलावा आणि रिकाम्या फेरीलाही तो लागावा. कामावर असलेल्या वेळेचा विमा काम देणाऱ्याने उतरावा. यातून पिझ्झा थोडा महाग होईल हे खरे. परंतु आज तो जितका स्वस्त आहे त्यातील काही रुपये त्या तरुणाच्या मोटारसायकलीतून येतात, हेही तितकेच खरे.

चिपळूणच्या त्या पत्रात राजाने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार केला, कारण घोडा कोणाच्या खात्यावर आहे हे त्याला ठाऊक होते. आज द्वारकेच्या फाटकाशी थांबलेला घोडा कोणाच्याच खात्यावर लिहिलेला नाही. तो लिहून काढणे हे काम आपल्या पिढीचे आहे.